रसाचे नारळ

वरची वाडी, १० ऑगस्ट २०२५

नर्मदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे चुलीत टाकलं नाहीस, असं धरून लिहिते. तुझा फोन नुसता वाजत राहतो. सात वर्षांत एकदाही उचलला नाहीस, तेव्हा तुझ्या हट्टाला मानलं पाहिजे. म्हणून पत्र. पत्र कापता येत नाही.

कामाचंच विचारायचं आहे. परवा नारळी पौर्णिमेला मी रस करायला घेतला. हो, मी! हस हवं तर. बावीस वर्षं आपण दोघी जावा एका चुलीवर रांधत होतो, पण चतुर्थीचा रस कायम तुझ्या हातचा. मी पूजेचं बघायचं आणि तू सकाळपासून आडाळ्यावर नारळ खवत बसायचीस. तुझा रस पेल्यातून प्यायचा, पण ओठांवर साय राहायची. पाचव्या दिवशी विसर्जनाआधी तो प्यायला अख्खी वाडी आपल्या ओटीवर यायची. सुदेश तर आरतीला उशिरा आणि रसाला वेळेवर.

तर मी दोन नारळ खवले, मिक्सरला लावले, पंच्यातून पिळले, गूळ घालून चुलीवर ठेवला आणि फुटला की गं. वर गाठी, खाली पिवळं पाणी. शेवटी केळीच्या बुडात ओतला. तू काय करायचीस ते नीट लिहून पाठव. तांदूळ किती भिजवायचे, गूळ कधी घालायचा, सगळं.

तू गेल्यापासून चतुर्थीला कुणी रस केलेला नाही. मी लोकांना चहा देते. लोक पितात, पण पिताना माझ्याकडे बघतात. माई होत्या तोवर त्यांच्या धाकानं कुणी बोलत नव्हतं. आता सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, घरात मी एकटी. विराज पुण्याहून पाच दिवसांसाठी येतो आणि त्यातले तीन दिवस लॅपटॉपवर असतो. यंदा वाटलं, रस करावा. आणि खरं म्हणजे वाटलं, तूच येऊन करावास. परशुराम भावोजींचाही गणपती आहेच ना हा. दोडामार्गाहून सकाळची एसटी धरलीत तर दुपारी जेवायला पोचाल.

झालं ते झालं. त्या नारळाबद्दल मी तुला कधी एक शब्द तरी बोलले का? बोलल्या त्या माई. मी नाही.

उत्तर पाठव. दोन ओळी पुरेत.

सुगंधा

वरची वाडी, १८ ऑगस्ट २०२५

नर्मदा,

तुझं उत्तर आलं नाही, पण तुझी सून भेटली. काल तळेऱ्याला बाजाराला गेले होते. तिठ्यावर देवगडच्या गाडीची वाट बघत अक्षया उभी होती, माहेरी निघालेली. पोरीनं मला भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. तू माझ्याविषयी तिला काही वाईट सांगितलेलं नाहीस हे त्यावरून कळलं, आणि कसंसंच झालं.

गाडीला अर्धा तास होता. मी म्हटलं, चल, चहा घेऊ. तिथे मी सहज बोलून गेले, "सासूक सांग, रसाची कृती धाडून दी म्हणान."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मोठी आई, आई नारळ खायनत नाय."

"खायनत नाय म्हणजे?"

"माझा लगीन झाल्यापासून मी बघतंय. हातपण लावनत नाय. खवूचा, वाटूचा, सगळा मीच करतंय. आमच्या जेवणात नारळ, त्यांच्यासाठी येगळा शिजवतत."

मी विचारलं, का. तर तिनं मान खाली घालून सांगितलं, "माका म्हणाले, भावोजींचो नारळ मी फोडलंय, माका आता तो अधिकार नाय."

नर्मदा, तू कोकणात राहून नारळ सोडलास? मग खातेस तरी काय गं? अक्षया म्हणाली, मिरची-तिरफळातला बांगडा आणि भात. सोलकढी नाही. घावन्याबरोबर रस नाही. चतुर्थीला घरात मोदक करायचे आणि स्वतः देवापुढचं केळं खाऊन उठायचं. सात वर्षं! उपास करणारी बाईसुद्धा दुसऱ्या दिवशी सोडते.

घरी आले आणि दुपारची आमटी तापवायला घेतली. वाटण घातलेली. पहिला घास तोंडात फिरत राहिला. शेवटी ताट तसंच झाकून ठेवलं.

ह्यांचं ते ऑपरेशन झडपेचं होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हृदय मोठं झालंय, भरवसा देत नाही. विराजनं तो कागद वाचून दाखवला होता सगळ्यांना. नारळ फोडल्यानं माणूस मरत नाही. तू चांगली सातवी शिकलेली आहेस, तुला एवढं कळायला नको?

लिहिते आहे आणि माझंच मला हसू येतंय. तुला शहाणपण शिकवायला निघाले आहे.

मला तुला एक सांगायचं आहे. आज सांगणार होते. पण गडी आलाय, काजूतलं गवत काढून घ्यायचंय.

सुगंधा

वरची वाडी, २१ ऑगस्ट २०२५

नर्मदा,

गडी आला नव्हता त्या दिवशी.

आणखी एक खोटं आधी निस्तरते. नारळी पौर्णिमेला रस फुटला हे खरं, पण तो मी फोडला. दाट रस चुलीवर चढवायचा नाही, हे या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. तुला पत्र लिहायला काही निमित्त हवं होतं म्हणून मी तो उकळत ठेवला आणि समोर बसून फुटू दिला.

आता खरं ते.

त्या वर्षी ह्यांना चतुर्थीच्या आठ दिवस आधी कोल्हापूरला नेलं. बरोबर विराज आणि परशुराम भावोजी. गणपती बसवायचा म्हणून मी घरी राहिले. माईंनी गाऱ्हाणं घालून देवाऱ्याच्या वरच्या फळीवर नारळ ठेवला होता, लाल फडक्यात, कुंकू लावून. श्रीपाद धड होऊन घरी आला की तो नारळ देवळात न्यायचा. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. हे सगळं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

हरतालिकेच्या सकाळी मी देवारा धुवायला काढला. तू मागच्या पडवीत गणपतीवर टांगायची माटवी धूत होतीस. फळीला वाळवी लागल्यासारखं दिसलं म्हणून मी नारळ खाली घेतला. फडक्यावर झुरळाची घाण होती. मी ते सोडलं, साबण लावून धुतलं, वळणीवर टाकलं. मग नारळाकडे बघितलं, तर त्यालाही चिकटलेलं. म्हणून तोही नळाखाली धरला. कुंकू वाहून गेलं. म्हटलं, फडकं सुकलं की नवीन कुंकू लावून परत बांधू. तोवर ठेवायचा कुठे, तर तुझी रसाच्या नारळांची टोपली तिथेच होती. वरच ठेवला.

तेवढ्यात विराजचा फोन आला. रक्ताच्या बाटल्या लागतील, ऑपरेशनची तारीख ठरली. मी ओटीवर जाऊन बोलत बसले. संध्याकाळी फडकं सुकलं, त्याची घडी करून फळीवर ठेवली. नारळ माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच. देवाची शपथ घेते, तो मला आठवलाच नाही.

पाचव्या दिवशी तू टोपलीतले नारळ फोडलेस. सगळ्यांनी रस प्यायला. मीही दोन पेले प्यायले. छान झाला होता.

नवव्या दिवशी हे गेले.

तेराव्याला माईंना नारळाची आठवण झाली. देवाऱ्यात गेल्या, हातात घडी केलेलं फडकं घेऊन बाहेर आल्या. माजघरात भावकीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. "नारळ खंय गेलो?" मग त्यांनी विचारलं, "रसाचे नारळ कोणी फोडल्यान?"

तू सरळ म्हणालीस, "मी फोडलंय."

"कुंकू दिसला नाय तुका? डोळे फुटले हुते तुझे?"

"नाय दिसला, माई."

त्या वेळी मी तुझ्यापासून तीन हातांवर उभी होते. माझ्या हातात पाण्याच्या पेल्यांचं तबक होतं. कुंकू का दिसलं नाही ते सबंध घरात एकट्या मला ठाऊक होतं. मी पाणी वाटत राहिले.

माई तुला काय काय बोलल्या ते लिहीत नाही. माझ्यासमोर बोलल्या. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, आठवतं? मी दुसरीकडे बघितलं. शिमग्याआधी तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. गावाला सांगितलं, तुमच्या सुशांतला गोव्यात नोकरी लागली, दोडामार्गाहून जवळ पडतं म्हणून. गावानं ऐकून घेतलं आणि मागून म्हणायचं ते म्हटलं.

का बोलले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भीती होतीच. कपाळ पुसून तेरा दिवस झालेले, त्यात नवऱ्याच्या नावाचा नारळ बायकोनंच धुतला म्हटल्यावर मला त्या घरात कोण उभं करणार होतं? पण नुसती भीती असती तर महिन्याभरानं बोलले असते. नर्मदा, मला बरं वाटलं होतं. ह्यांच्या जाण्याचा राग कुणावर काढू ते कळत नव्हतं आणि माईंनी मला माणूस दाखवून दिलं. हळूहळू मीच ते खरं धरून चालले. तुझं नाव निघालं की मलाही वाटायचं, हिनंच फोडला.

मग तळेऱ्याला त्या पोरीनं सांगितलं, आणि पुढे काही खोटं धरता येईना.

तू तो नारळ फोडलास त्यात तुझा दोष नाही. देवापुढेही नाही आणि माणसांपुढेही नाही. एक नारळ घे आणि खा. यायचं की नाही ते तू ठरव, रागव, मला शिव्या घाल. पण आधी खा.

सुगंधा

वरची वाडी, १ सप्टेंबर २०२५

नर्मदा,

काल विसर्जन झालं. तुम्ही आला नाहीत. दुपारी दीडच्या गाडीपर्यंत मी पाणंदीकडे बघत होते.

रस मी केला. नारळ बारा. मूठभर उकडे तांदूळ रात्री भिजवले होते, ते खवलेल्या नारळाच्या चवाबरोबर वाटले. पहिला दाट रस काढून बाजूला ठेवला. दुसऱ्या रसात गूळ घालून हळदीच्या पानासकट गरम केला, पूर्ण निवू दिला आणि मग त्यात दाट रस ओतला. वेलची, चिमूटभर मीठ. तुझ्यासारखा झाला नाही. पण फुटला नाही.

पत्रातलं कबूल करणं सोपं असतं गं, पाकीट चिकटवलं की झालं. तुला ज्यांच्यासमोर बोल लागला, त्यांच्यासमोर ते पुसायला हवं होतं. आरती झाली. भावकीतले बाळा भावजी गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. सगळी वाडी हात जोडून मागे उभी. "बा देवा म्हाराजा, पाच दिस तुझी सेवा केली. लेकरांचा काय चुकला माकला आसात ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी म्हटलं, "भावजी, थांबा. चुकला माकला न्हय. एक चूक आसा, ती माझी आसा, ती माका सांगूची आसा."

बाईमाणसानं मध्येच गाऱ्हाणं घेतलेलं आपल्या घरात कुणी पाहिलेलं नाही. बाळा भावजी बाजूला झाले. मी गणपतीकडेच तोंड ठेवलं, मागे वळायचं धैर्य नव्हतं. म्हटलं, "बा देवा, सात वर्सांमागे देवाऱ्यातलो नारळ मी काढलंय. कुंकू मी धुतलंय. रसाच्या टोपलेत मीच ठेवलंय आणि इसारलंय. नर्मदेक काय एक म्हायत नव्हता. ती बोल खात हुती तेव्हा मी गप ऱ्हवलंय."

आणि मागून सुदेश सवयीनं मोठ्यानं म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

एकट्याचाच आवाज. त्याला कमी ऐकू येतं, वाक्य संपलं एवढंच त्याला कळलं असावं. कुणी हसलं नाही. सगळ्यांना त्या एका होकाराचं काय करावं ते समजेना. मग बाळा भावजींनी गाऱ्हाणं पुरं केलं, घाईघाईनं.

रसाचे पेले मी भरून ठेवले होते, पन्नासेक. सुदेशनं दोन घेतले. बाकी लोकांनी तोंडाला लावल्यासारखं केलं आणि ओटीच्या कठड्यावर ठेवून दिले. बाळा भावजींच्या बायकोनं तर हातात घेतलाच नाही. मला म्हणाली, "तेराव्याक मी थंयच हुतंय गो वयनी. तिचा तोंड अजून डोळ्यांसमोर आसा माझ्या." एवढं बोलून ती गणपतीबरोबर गेली.

विराजनं मूर्ती डोक्यावर घेतली, पोचवून आला, आंघोळ केली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "आई, काकीनं मला लहानाचं मोठं केलंय. बाबा गेल्यावर मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. सात वर्षं. तू मला बोलू दिलं नाहीस."

मी म्हटलं, मी कधी तुला अडवलं? आणि बोलता बोलताच समजलं की असलंच वाक्य मी तुलाही पहिल्या पत्रात लिहिलं आहे.

आज पहाटेच्या गाडीनं तो गेला. आणखी दोन दिवस राहणार होता. डब्यात मोदक बांधले होते, ते टेबलावरच राहिलेत.

मखर काढायचं आहे. माणूस नाही, उद्या बघेन. पेले तेवढे विसळून टाकले.

सुगंधा

वरची वाडी, ६ सप्टेंबर २०२५

नर्मदा,

हे शेवटचं. तुला माझी पत्रं नकोत, हे अक्षयानं मला सांगितलं आहे. पण काल जे झालं त्याची पोच द्यायला हवी, म्हणून एवढंच.

काल सकाळी दहाच्या सुमारास तिचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "मोठी आई, तुमचा तिसरा पत्र आईंनी चार दिस उशाखाली ठेवलानी हुता. कोणाशी बोलले नाय. काल बाबांका वाचून दाखवल्यानी. आणि आज माका म्हणाले, नारळ आण."

मी म्हटलं, "मगे?"

"आता बसलेत आडाळ्यार. तुम्ही काय बोलू नको. मी फोन हंयच ठेवतंय."

तिनं फोन कुठेतरी मांडणीवर ठेवला असणार. आधी भांड्यांचा आवाज आला. मग आडाळ्याचा. नर्मदा, तुझं खवणं मला हजारात ओळखता येईल. तू अर्ध्या नारळाची कवड गोल फिरवत नाहीस, कडेकडेनं दोनदा ओढतेस आणि थांबतेस. खर्र, खर्र, आणि थांबा. मी माजघरात जमिनीवर बसले आणि फोन कानाला धरून ठेवला. श्वाससुद्धा सांभाळून घेत होते. पहिली कवड संपली. तू दुसरी घेतलीस. मध्येच बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तू रडत होतीस की नुसती बसली होतीस ते मला कळलं नाही. मग परत सुरू झालं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चुलीवर माझा भात लागला, वास आला, पण मी उठले नाही. मिक्सर फिरला. पाणी पडल्याचा आवाज. मग एकदम शांत, आणि पेला खाली ठेवल्याचा आवाज. रिकामा पेला. भरलेल्याचा आवाज वेगळा असतो.

मग पावलं जवळ आली. मला वाटलं, अक्षया.

तू म्हणालीस, "वयनी, आयकलंस मां? मी खाल्लंय. पण मी थंय येवचंय नाय, कधीच. आता फोन ठेव."

सात वर्षांनी तू मला वयनी म्हणालीस. तोंडात खूप काही आलं होतं. पण तू ठेव म्हणालीस, म्हणून मी ठेवला.

सुगंधा